कोरं मशीन

जगात एक माणूस आहे. मी त्याला ओळखत नाही, पण कधी भेटला तर चार शब्द सुनावल्याशिवाय सोडणार नाही. आमच्या ग्रंथालयाचा सर्व्हर मी पहिल्यांदा बसवला तेव्हा जिथे अडकले, नेमका तिथेच तोही कधीतरी अडकला होता. सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर त्याने आपली अडचण सविस्तर मांडली होती, अगदी शब्द न् शब्द माझीच. वाचताना मला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि खाली त्यानेच लिहिलं होतं, ‘सुटलं. धन्यवाद.’ कसं सुटलं ते नाही. याचं काम झालं, मागून येणाऱ्याचं तो येणारा बघून घेईल.

तसं त्या सॉफ्टवेअरबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते मुक्त आहे, म्हणजे कुणीही घ्यावं, वापरावं, आतून उघडून बदलावं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, कुणी न सांगता, ते घडवत असतात आणि आमची सगळी पुस्तकं, सगळे वाचक, सगळी देवघेव त्यावर बिनबोभाट चालते. त्या लोकांचे पाय धरावेत असं मला खरंच वाटतं. फक्त ते लिहीत नाहीत. काही विचारलं की म्हणतात, ‘माहितीपत्रक वाचा.’ माहितीपत्रक उघडलं की त्यात असतं, ‘हा भाग लिहायचा राहिला आहे.’

म्हणून मग मीच लिहायला घेतलं. सर्व्हर कसा बसवायचा, बिघडला तर परत कसा उभा करायचा, सगळं. ग्रंथालयात त्याला ‘तोफेचा कागद’ म्हणतात. तोफ म्हणजे मी. हे नाव पाठीमागे ठेवलं होतं, आता तोंडावरही घेतात, आणि मी ऐकून घेते कारण त्यात तथ्य आहे.

माझी जागा मुख्य इमारतीच्या जिन्याखाली. आधी तिथे झाडू आणि बादल्या असायच्या. आता सर्व्हर आहे, एक टेबल आहे, एक पंखा आहे, आणि डोक्यावरून बालविभागात जाणाऱ्या मुलांची धावपळ. उभं राहायचं तर टेबलाच्या एकाच बाजूला राहता येतं, दुसऱ्या बाजूला कपाळमोक्ष ठरलेला. बाहेरून कुणाला कोंडवाडा वाटेल, पण मला ती जागा आवडते. दार लावलं की तो सर्व्हरचा एकसुरी आवाज येतो आणि सगळं जागच्या जागी आहे असं वाटतं.

अडचण एवढीच होती, की ते सगळं जागच्या जागी ठेवता येणारी मी एकटी होते. हे फार दिवस चाललं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा माजही होता. मग माझ्या उजव्या डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखं व्हायला लागलं. डोळ्यांचा डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने तपासलं आणि शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणाला, त्यानंतर दोनेक महिने स्क्रीनकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी तारीख पुढे ढकलली. परत ढकलली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो चिडला.

“आजी, आता आणखी उशीर केलात तर या डोळ्याची खात्री मी देणार नाही.”

आजी म्हटल्याचा राग मी गिळला. डोळ्याची भीती वाटलीच, पण त्याच्याहून मोठी भीती दुसरी होती. मी आडवी पडलेली असताना सर्व्हर कोसळला तर? पाच शाखा, एवढे वाचक, आणि कुणालाच काही माहीत नाही. घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो पोहायला शिकवतो. दिवसभर पाण्यात घाबरलेल्यांना धीर देतो आणि संध्याकाळी मला.

“तुझा कागद आहे ना?” तो म्हणाला. “तो कशासाठी लिहिलास मग?”

आता आमच्या ग्रंथालयात एक जुनी पद्धत आहे. कुठलंही काम कुणी लिहून काढलं, की ते काम कधीच न केलेल्या माणसाने नुसता कागद वाचून करून दाखवायचं. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. उघडलंच, तर जे बोललं ते तिथल्या तिथे कागदात लिहायचं. पुस्तकाला पुठ्ठा कसा चढवावा, वाचकांची गाऱ्हाणी कशी नोंदवावी, सगळे कागद असेच तावून सुलाखून निघालेत. माझा मात्र कधी कसाला लागला नव्हता. तोफेला गप्प बसवायचं कुणी?

मुख्य ग्रंथपाल बाईंनी विचारलं, कोण करून बघतं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि बंदराजवळच्या शाखेची प्रमुख म्हणाली, “मी करते.”

ही बंदराजवळची शाखाप्रमुख म्हणजे माझी नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. ग्रंथालयात तिला मीच लावून घेतलं, असं मी म्हणते. ती म्हणते, मुलाखत तिने दिली. एरवी मी तिला अगं-तुगं करते, चिडले की ‘वन्सं’ म्हणते, आणि मग तिलाही कळतं की आता वारं कुठल्या दिशेने वाहतंय. तिला पुस्तकांची देवघेव येते, सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नाही. पण ती वाचते. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा ती स्वल्पविरामासकट वाचते. मला ती या कामासाठी अजिबात नको होती.

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत एक कोरं मशीन ठेवलं. ती समोर बसली, चष्मा पुसला, कागद उघडला. मी शेजारी स्टुलावर.

“‘नेहमीप्रमाणे लॉगिन करा,’” तिने मोठ्याने वाचलं आणि थांबली. “वहिनी, माझं नेहमीचं काय आहे गं?”

मी ओठ आवळले.

“मी हे कधीच केलेलं नाही. मग नेहमीप्रमाणे कसं करू?”

“अगं, सरळ आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा!” मी म्हणाले.

तिने पेन माझ्यापुढे केलं.

पुढे होतं, ‘फक्त ही फाइल योग्य जागी ठेवा.’ योग्य जागा कुठली, असं तिने विचारलं. जिथे ठेवतात तिथे, मी म्हटलं. “मग लिही,” ती म्हणाली, “‘जिथे ठेवतात तिथे ठेवा.’” बघायला जमलेले दोघे-तिघे हसले. मी लिहिलं, पण नीट जागा लिहिली. एका ठिकाणी मी नमुना म्हणून ‘इथे-तुमचा-पासवर्ड’ असं घातलं होतं. तिने ते अक्षर न् अक्षर तसंच टाकलं आणि पुढे निघाली. पण पेन परत हातात घ्यायची माझी हिंमत नव्हती. अर्ध्या तासात मला कळून चुकलं होतं, की ‘फक्त’, ‘सहज’ आणि ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द मी जिथे जिथे लिहिले होते, तिथे तिथे मला समजावून सांगायचा कंटाळा आला होता.

तरीही ती पुढे जात राहिली. एकेक ओळ वाचायची, बोटाने धरायची, टाइप करायची, पुन्हा ताडून बघायची. दुपार कलली तेव्हा ती शेवटच्या पायरीवर आली. ग्रंथालयाचा पत्ता टाका, पान उघडेल. तिने पत्ता टाकला. पान काही उघडलं नाही. ‘सापडत नाही’ एवढंच आलं.

“काहीतरी चुकलीस,” मी म्हटलं.

“कुठे?”

तिने सगळं परत केलं. पुन्हा ‘सापडत नाही’. मी तरातरा जिन्याखाली गेले, माझ्या मशीनवरून तोच पत्ता टाकला, आणि ग्रंथालयाचं पान माझ्यापुढे लख्ख उघडलं. मी ओरडून सांगितलं, “माझ्याकडे चालतंय!”

“छान,” ती दारात येऊन म्हणाली. “मग पाचही शाखांनी तुझ्या मांडीवर येऊन बसायचं का?”

“वन्सं, तुम्ही टाइप करताना काहीतरी गाळलंय.”

“वहिनी, मी काही गाळलेलं नाही.”

ते भांडण जेवणाच्या टेबलापर्यंत आलं. ती त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होती, आणि आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता नवऱ्यामार्फत मीठ मागत होतो. मी म्हणत होते, नाचता येईना अंगण वाकडं. ती म्हणत होती, अंगण कुणी आखलंय ते आधी बघा. शेवटी तिने चमचा खाली ठेवला.

“तुझं मशीन पुसून टाक,” ती म्हणाली. “पार कोरं कर. आणि तुझ्याच कागदावरून परत उभं कर. मी शेजारी गप्प बसते.”

“तू गप्प बसणार?” नवरा म्हणाला. “मी सुट्टी टाकून बघायला येतो.”

मला हसू आलं नाही. त्या मशीनवर माझी कित्येक वर्षं होती. प्रत्येक गोष्ट मी माझ्या हाताने, माझ्या सोयीने बसवलेली. ते पुसायचं म्हणजे भरलं घर रिकामं करून परत उंबऱ्यात उभं राहायचं. पण डॉक्टरची तारीख जवळ आली होती, आणि खरी गोष्ट अशी, की तिचं म्हणणं मला मनातून पटलं होतं. तेच जास्त झोंबत होतं. सकाळी मी शाखांना देवघेव दिवसभर वहीत लिहून ठेवायला सांगितलं, सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली, मशीन पुसलं, आणि कागद उघडला.

ती जिन्याच्या बाजूला, डोकं वाकवून बसली. हात मांडीवर, तोंडात आल्याची गोळी. मी सुरुवातीला घोड्यावर होते. कागद माझा, शब्द माझे, बोटं न बघता चालत होती. मधे दोनदा मी कागदात नसलेलं काहीतरी करायला गेले. ती काही बोलली नाही, नुसती खाकरली. खाकरणं नियमात बसतं की नाही यावर वाद घालता आला असता, पण मी मुकाट्याने हात मागे घेतला.

आणि शेवटच्या पायरीवर मी पत्ता टाकला. ‘सापडत नाही.’

मी परत टाकला. पुन्हा तेच. डोक्यावरून मुलं धडधडत वर गेली. मी तिच्याकडे बघितलं. तिने काहीतरी बोलावं, एखादा टोमणा मारावा, म्हणजे मला उलटून बोलता येईल, असं मला फार वाटत होतं. ती मूग गिळून बसली होती. डोळे मात्र हसत होते.

मग मी बाजूला ठेवलेली प्रत उघडली आणि शोधायला लागले, की माझ्या जुन्या मशीनवर असं काय होतं जे कागदात नाही. ते सापडायला दुपार लागली. एक चिमुकली फाइल, तिच्यात माझ्या हातची एक ओळ. ग्रंथालयाचं नाव घेतलं की कुठल्या मशीनकडे जायचं, हे त्या ओळीत माझ्या मशीनला सांगून ठेवलं होतं. अगदी पहिल्या दिवसांत, तात्पुरतं म्हणून. नंतर शाखांची मशीनं मीच एकेक करून बसवली आणि हाताला सवय म्हणून प्रत्येकात तेच करत गेले असणार. घराला पाटी नाही, पण पोस्टमन ओळखीचा म्हणून पत्रं येत राहतात, तसं चाललं होतं. नवा पोस्टमन आला तेव्हा कळलं. सर्व्हरला जगात नाव मिळवून द्यायचं काम, जे सगळ्यात आधी करायचं, ते माझ्या कागदात नव्हतंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या ‘सुटलं, धन्यवाद’वाल्या माणसाची मला आठवण झाली आणि त्याच्यावरचा माझा राग निम्मा उतरला. बिचाऱ्याला कदाचित खरंच आठवत नसेल.

“बोलू का आता?” नणंदेने विचारलं.

“बोल.”

“भूक लागलीय.”

तो भाग मी नव्याने लिहिला. मग सगळाच कागद पहिल्यापासून लिहिला. लिहिताना एक चमत्कारिक गोष्ट झाली. आधी मी माझ्यासारख्या कुणालातरी डोळ्यांपुढे ठेवून लिहीत होते, आता समोर ती बसलेली असायची, चष्मा पुसत. एखादं वाक्य झालं की मला तिचं “म्हणजे कसं?” ऐकू यायचं. लिहिताना इतकं सुख मला कधीच झालं नव्हतं. डोळा दुखत होता, तरी झालं.

दुसरी परीक्षा तिच्याच शाखेत झाली. ती शाखा एका शिंप्याच्या दुकानावर आहे. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता आणि खिडकीतून बोटींचे भोंगे. मी खिडकीपाशी बसले, तोंडात रुमालाचं टोक धरून. ती एकेक ओळ बोटाने धरत चालली. एका जागी थांबली. खूप वेळ थांबली. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर आलं, रुमाल पार ओला झाला. तिने पान मागे नेलं, दोन परिच्छेद परत वाचले, स्वतःशीच “हां” म्हणाली आणि पुढे गेली. तो एक “हां” मला कुठल्याही शाबासकीपेक्षा गोड लागला.

शेवटी तिने पत्ता टाकला आणि पान उघडलं. आमच्या ग्रंथालयाचं पान, सगळ्या पुस्तकांसकट. तिने टाळी वाजवली नाही की काही नाही. पहिला वाचक म्हणून माझं नाव घातलं आणि कपाटातलं एक जाडजूड पुस्तक माझ्या नावावर देऊन टाकलं.

“अगं, मला वाचायला मनाई आहे,” मी म्हटलं.

“म्हणून तर. परत करायला तरी बरी होऊन यावं लागेल.”

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी, खोलीत अंधार, मान एकाच बाजूला. नवरा पेपर वाचून दाखवायचा आणि स्वतःला आवडतील तेवढ्याच बातम्या वाचायचा. मी उशाशी फोन ठेवला होता. तो वाजेना. पहिले काही दिवस मी खूश होते. मग मला शंका यायला लागली. फोन चालू आहे ना, आवाज मोठा आहे ना, हे मी नवऱ्याला सारखं बघायला लावायची.

“तुझी कुणाला गरज पडली नाही याचा तुला त्रास होतोय,” तो म्हणाला.

“मला काळजी वाटतेय.”

“तेच म्हणतोय मी.”

एका संध्याकाळी नणंद आली. पलंगाच्या कडेला बसली, माझे केस विंचरले, शिंप्याच्या भांडणाची साग्रसंगीत गोष्ट सांगितली. आणि बोलता बोलता सहज म्हणाली, “मागच्या आठवड्यात तुझ्या जिन्याखालची डिस्क गेली ना, त्या दिवशीच…”

“काय गेली?” मी ताडकन उठून बसले.

“झोप आधी!” ती आणि नवरा एकदम ओरडले.

मी आडवी झाले. सांग, मी म्हटलं, एक शब्द गाळलास तर बघ.

तिने सांगितलं. सकाळी सर्व्हर बंद पडला, पाचही शाखा ठप्प. बाईंनी तिला बोलावून घेतलं. मला फोन करायचा का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तिचा डोळा बरा होतोय, फोन कुणी करायचा नाही. नवी डिस्क बसवली. पुस्तकांच्या सगळ्या नोंदींची आदल्या रात्रीची प्रत, रोजच्यासारखी, तिच्या शाखेत होतीच. आणि मग ती स्वतः बसलीच नाही. तिने बाइंडिंगवाल्या काकांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या हातात कागद दिला.

“काकांना?” मी म्हटलं. “त्यांना का?”

“मला आता ते येतं ना. मी करून काय कळलं असतं? न येणाऱ्यानेच करायला हवं. दुपारी सगळ्या शाखा चालू झाल्या. मी शेजारी गप्प होते. एकदाच बोलले.”

“काय बोललीस?”

“ते मग कागदात लिहावं लागलं. तुला न विचारता लिहिलं, वहिनी.”

माझ्या कागदात. क्षणभर तोफेत दारू भरली गेली, हे कबूल करते. “वाच,” मी म्हटलं.

तिने फोन काढला, चष्मा लावला आणि स्वल्पविरामासकट वाचलं.

“‘ही पायरी चालायला फार वेळ लागतो आणि तोवर स्क्रीनवर काहीच हलत नाही. मशीन मेलं असं वाटेल. ते मेलेलं नसतं. तुमचं काही चुकलेलं नाही. घाबरू नका, थांबा.’”

मला ती पायरी माहीत होती. पहिल्यांदा सर्व्हर बसवताना त्या जिन्याखाली मी तिच्यापुढे एकटी बसले होते. हलत नसलेल्या स्क्रीनकडे बघत, सगळं आपल्यामुळेच बिघडलं अशी खात्री होऊन रडकुंडीला आले होते. तेव्हा हे एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. पुढे मी इतकं लिहिलं, पण ते लिहायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या पट्टीखाली गरम व्हायला लागलं.

“डोळा ओला करायचा नाही, डॉक्टरांनी बजावलंय,” नवरा म्हणाला.

“तुझ्या भाषेत ते बसत नाही, मला माहितीय,” नणंद म्हणाली. “त्यात काही माहिती पण नाही तशी. खोडू का?”

“खबरदार हात लावलास तर,” मी म्हटलं. “आहे तसंच राहू दे.”